मोहरीची पिशवी

"गाठ होती हो. वेळेवर काढली म्हणून निभावलं. आता झोपलीये ती."

सासूबाई, म्हणजे सुनंदाबाई, दारातच उभ्या राहून कुणालातरी सांगत होत्या. आतल्या खोलीत नेत्रा पाठीमागे उशांची चळत लावून टक्क जागी बसली होती. छातीवर आवळून बांधलेला पट्टा होता आणि हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद होती.

"अगं बाई! छातीत का?" खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज एकदम खाली आला. "मग पुढे काय म्हणाले? केमो वगैरे?"

"बघायचं. देवाची इच्छा."

दार लागलं. सुनंदाबाई शहाळं घेऊन आत आल्या.

"आई, केमोला सुद्धा नाही म्हणाला नाहीत तुम्ही!"

"मग काय सांगू? छाती मोठी होती, म्हणून आमच्या सुनेनं ती कमी करून घेतली? अगं, जिन्यातून उतरेपर्यंत हसतील. वर यज्ञेशला बायकोचे शौक पुरवणारा म्हणतील. गाठ म्हटलं की माणसं गप्प बसतात."

"पण खोटं आहे ते."

"असू दे. महिनाभरात विसरतील. शहाळं पी."

नेत्रानं वाद सोडला आणि ती शहाळं प्यायली. खरं तर तिलाही त्या खोट्याच्या आड बरंच वाटत होतं.

बदलापुरात बेलवलीच्या एका शाळेत नेत्रा बालवर्गाला शिकवायची. काम तिच्या जिवाभावाचं. नाक पुसण्यापासून अक्षर गिरवण्यापर्यंत सगळं ती मनापासून करायची. पण बालवर्ग म्हणजे दिवसभर जमिनीवरची कामं. वाकून मणी वेचा, खाली बसून चित्रं काढा, उठा, पुन्हा बसा. चाळिशीच्या आत तिची पाठ बोलायला लागली. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलून निघायची. पावडर लावून ती वर्गात उभी राहायची आणि पोरांना हसून गोष्ट सांगायची. शेकणं झालं, व्यायाम झाले, मलम झालं. शाळकरी वयापासून दप्तर छातीशी धरून चालायची सवय लागलेली, त्यामुळे ती मुळातच पोक काढून चालायची. घरच्यांना वाटायचं, तिची चालच तशी.

एकदा उड्यांचा तास चालला होता. बेडूकउडी नेत्रा नेहमी टेबलावर बोटांनी दाखवायची. त्या दिवशी इरा नावाची चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "टीचर, बोटांची नको. खरी मारा ना!"

"टीचरला नाही येत," दुसऱ्या एकानं तिला समजावलं. "टीचर म्हातारी आहे."

वर्ग हसला, नेत्राही हसली. संध्याकाळी यज्ञेश अंबरनाथच्या कंपनीतून घरी आला, तेव्हा तिनं विषय काढला. कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंना ती आधीच भेटून आली होती.

यज्ञेश गडबडला. "म्हणजे प्लास्टिक सर्जरी? अगं, मला तू आहेस तशी छान आहेस."

"तुला आहे रे. माझ्या पाठीला नाही."

"रिस्क असते. व्रण राहतात म्हणे."

"राहतील. कपड्याच्या आतच राहतील. सध्या जे आहे ते कपड्याच्या आत राहत नाही."

यज्ञेशनं बराच वेळ मोबाइल उलटसुलट केला आणि म्हणाला, "ठीक आहे. ऑफिसात पाठीचं ऑपरेशन म्हणून सांगतो."

नेत्रानं तेव्हाही हूं म्हटलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिला आधी वेदना जाणवली आणि त्या वेदनेखालून काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. घरी आल्यावर मात्र दिवस जड गेले. कुशीवर झोपता येईना. शिंक आली की टाक्यांतून कळ जायची. केस विंचरायला हात वर जाईना, तेव्हा सुनंदाबाई रोज सकाळी तिची वेणी घालायच्या. तोंडानं "काय बाई एकेक" चालायचं, पण हात हलका असायचा.

गाठीची बातमी मात्र सोसायटीभर गेली. माणसं सफरचंदं घेऊन यायची आणि पलंगाच्या कडेला आवाज बारीक करून बसायची. कुणी हळद घ्यायला सांगायचं, कुणी गहूअंकुराचा रस. शाळेतल्या बाई तर तिचा हात हातात घेऊन डोळे पुसून गेल्या. प्रत्येक जण गेल्यावर नेत्राला वाटायचं, आता पुढच्या माणसाला सांगू. पुढचं माणूस आलं की ती पट्ट्यावरची ओढणी सारखी करून गप्प राहायची.

अशीच एका दुपारी मोतीबाई आली.

मोतीबाई बेलवलीच्या जुन्या आगरी घरातली. सोसायटी उभी होती ती जमीन एकेकाळी तिच्याच सासऱ्यांची. जमीन गेली, पैसा आला, मुलगा हितेशनं मोठी गाडी घेतली. तरी मागच्या उरलेल्या वाडीतली भाजी घेऊन मोतीबाई रोज फाटकाशी बसायची. नेत्राशी तिचं चांगलं जमायचं. मेथीची जुडी देताना "मास्तरीनबाय, पोरांना मारू नको गो," असं बजावायची.

आज ती हसली नाही. सुनंदाबाई चहाला गेल्याबरोबर तिनं उठून खोलीचं दार लावलं.

"कोन मधीच येवाला नको," म्हणाली आणि पलंगावर टेकली. "कुठली काढली, पोरी? डावी का उजवी?"

"दोन्हीकडे..." एवढंच नेत्राच्या तोंडातून गेलं.

"दोन्ही!" मोतीबाईचे डोळे भरून आले. "आन् मी बाय एकीच शिवून आनली."

तिनं पिशवीतून जुन्या मऊ लुगड्याची, हाताएवढी गोल शिवलेली पुरचुंडी काढली आणि नेत्राच्या मांडीवर ठेवली. पुरचुंडी वजनदार होती. आत बारीक दाणे सरकत होते.

"मोहरी हाय. जखम सुकली का चोलीत ठेवाची. दुसरी उद्या शिवते."

मोतीबाईनं पदर किंचित बाजूला केला आणि आपल्या डाव्या बाजूवर हात ठेवला.

"सोला वर्सं झाली. हितेशनं परलच्या मोठ्या दवाखान्यात नेलेली. घरात तो आन् मी, तिसऱ्याला ठाव नाय. सुनेला पन नाय. पयला मी कापूस भरायची, तो वर सरकतो. तांदूल भरले, त्यांना कीर लागली. मोहरी जाग्यावर ऱ्हाते. आन् जड पायजे गो. एकीकरचा वजन गेला का अंग वाकरा होतो, ह्या कोनी सांगत नाय आपल्याला."

बाहेर कपबशा वाजल्या. मोतीबाईनं आवाज आणखी खाली आणला. "कोनाला बोलले नाय मी कधी. तुजा आयकला, तवा वाटला, पोर एकटी परंल. तुजेसाठी देवीम्होरं पदर पसरला मी."

मांडीवरची पुरचुंडी नेत्राला पेलवेना. सफरचंदं देणाऱ्यांपुढे गप्प राहता आलं होतं. हिच्यापुढे तसं राहिलं, तर उद्या ही दुसरी शिवून आणणार होती.

"मोतीबाई," ती म्हणाली, "मला गाठ नव्हती."

"म्हंजे?"

"मला आजार नव्हताच काही. फार भार होता छातीचा. पाठ जायची, कातडी सोलायची. म्हणून कमी करून घेतली. आईंनी लोकांना गाठ म्हणून सांगितलं आणि मीही गप्प बसले."

मोतीबाईला समजायला वेळ लागला.

"चांगली व्हती?"

"हो."

"रोगाची नव्हती."

"नाही."

"आन् तूच डाक्टरला सांगितलास, का काप म्हनून."

"हो."

मोतीबाई भिंतीकडे बघत बोलू लागली. "मी त्या डाक्टरच्या पाया परले व्हते. म्हनला, औषिद द्या, कितीबी कडू द्या, पन ऱ्हाऊ द्या. आन् तू आपल्या पायांनी चालत गेलीस."

तिनं पुरचुंडी उचलली, आपल्या पिशवीत घातली आणि दार उघडलं. चहा घेऊन आलेल्या सुनंदाबाईंच्या बाजूनं ती तशीच निघून गेली.

"हिला काय झालं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"आई, यापुढे कुणाला गाठ म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"जे आहे ते."

"असं कसं तोंडानं म्हणायचं गं बायकांच्या अंगाचं?"

नेत्रानं त्यांना मोतीबाईची हकीकत सांगितली नाही. ती सांगायचा हक्क तिचा नव्हता. एवढंच म्हणाली, "आपल्या खोट्यानं त्यांना दुखवलंय. फार दुखवलंय." सुनंदाबाई चहाचा कप धरून उभ्याच राहिल्या. दोन दिवसांनी कुणी नवीन बाई चौकशीला आल्या, तेव्हा दारातून त्यांचा आवाज आला, "गाठबीठ नव्हती हो. भार सोसत नव्हता तिला, तो कमी करून घेतला. हो, तिथलाच. बसा, चहा घेता?" त्या बाई चहाला थांबल्या नाहीत. खाली कुजबुज झाली, हसणंही झालं असेल. नेत्राला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

टाके विरघळले, पट्टा सैल झाला. नेत्रा जिना उतरून फाटकापर्यंत जाऊ लागली. तिला पाहिलं की मोतीबाई शेजारच्या गिऱ्हाइकाशी जास्तच बोलत बसायची. नेत्रा मेथी मागायची, मोतीबाई जुडी पुढे सरकवायची आणि पैसे न बघता टोपलीखाली घालायची. पोरांना मारू नको, असं म्हणायची नाही. शाळा सुरू झाली. नेत्रा जमिनीवर बसू लागली, न कण्हता उठू लागली. पोरांना घोळक्यात घेऊन गोष्ट सांगताना मध्येच तिच्या ध्यानात यायचं की आज पाठ आठवलीच नाही. आणि त्या आनंदात कुठेतरी मोहरीचे दाणे सरकायचे.

एका रविवारी मोतीबाई फाटकाशी आली नाही. नेत्रा मागच्या वाडीकडे गेली. हितेशच्या दुमजली घराच्या पाठीमागे मोतीबाईची जुनी खोली होती. ओट्यावर बसून ती वालाच्या शेंगा सोलत होती.

"गुडघा धरलाय," न विचारताच म्हणाली. "बस."

नेत्रा खाली बसली आणि सुपातल्या शेंगा सोलू लागली. बरीच टरफलं पडली, तेव्हा म्हणाली, "खोटं ऐकून मी गप्प बसले, ते चुकलं माझं. ऑपरेशन केलं ते चुकलं, असं मात्र मला म्हणता येत नाही, मोतीबाई. तुमच्यासमोरसुद्धा नाही."

मोतीबाईनं मान वर केली नाही. "लय दुखायचा?"

नेत्रानं गळ्याजवळचा कुर्ता बाजूला करून खांदा पुढे केला. वर्षानुवर्षं ब्राच्या पट्ट्यानं ओढून तिथं पन्हाळीसारखी खोल खाच पडली होती. मोतीबाईनं चष्मा लावला आणि खाचेत बोट ठेवलं. बोट आत बसलं.

"माजे बापाच्या खांद्याला असा खड्डा व्हता," ती हळूच म्हणाली. "खाडीवर मिठाची कावर वाहायचा. मरंस्तवर भरला नाय." बोट तिथंच होतं. "मना वाटला, तुला शोभेसाठी पायजे व्हता."

"थोडं तेही होतं," नेत्रा म्हणाली.

मोतीबाई पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलली. "चल आत. मना दाखव."

खोलीत खिडकीचा उजेड होता. मोतीबाईनं कडी लावली. नेत्रानं पुढची बटणं सोडली. व्रण अजून लालसर होते, दोन्हीकडे सारखे. मोतीबाई शिवण पाहावी तशी खाली वाकून पाहत राहिली.

"हात लावू?"

नेत्रानं मान हलवली. वालाच्या हिरवट वासाचा तो खरखरीत तळवा तिच्या डाव्या बाजूवर अलगद येऊन थांबला.

"गरम हाय," मोतीबाई म्हणाली.

मग तिनं हात काढून घेतला, डोळे पुसले आणि नेत्राची बटणं खालून वरपर्यंत एकेक करून लावली. शाळेत जाणाऱ्या पोराची लावावीत, तशी.