दुर्गाबाईंच्या पर्समधलं कार्ड

भाजी आणायला निघाल्या तरी दुर्गाबाई ते कार्ड बरोबर घेत. सुनेच्या हिंजवडीच्या कंपनीकडून मिळालेलं आरोग्यविम्याचं कार्ड. वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत ते न पाहिलेली बाई शोधून सापडली नसती.

डॉक्टरांनी पित्ताशय लगेच काढायला सांगितलं, तेव्हा पोटाशी हात धरूनही त्यांनी हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड ऐटीत सरकवलं. "कॅशलेस आहे."

काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि शेजारी उभ्या सुनेकडे, पूर्णिमाकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही जॉब सोडलाय ना? मग हे कव्हर शेवटच्या दिवशीच संपलं."

पूर्णिमाच्या कडेवर तिचा छोटा तेजस होता. त्याच्यासाठीच तिने नोकरी सोडली होती. लॅपटॉप, ओळखपत्र, सगळं आठवणीने परत केलं. सासूच्या पर्समधलं कार्डही त्याच दिवशी निकामी झालं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एवढंच असतं तर ती मान वर करू शकली असती. पण दुर्गाबाईंचा स्वतःचा विमा होता, सासरे होते तेव्हापासूनचा. कार्ड आलं त्या दिवशी पूर्णिमाच हसून म्हणाली होती, "आई, दोन-दोन विमे कशाला? हप्ता तर दरवर्षी वाढतोय. बंद करून टाका." शिकलेली सून म्हणते म्हणून त्यांनी तो बंद केला. आता नवा काढला तरी जुन्या दुखण्यांसाठी वर्षानुवर्षं थांबा.

"आई, चुकलं माझं."

"ते कळलं. आता विशूला फोन लाव."

पूर्णिमाच्या नवऱ्याने, विश्वजीतने, फ्लॅटसाठी ठेवलेली एफडी मोडली. त्याने चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन नीट झालं. भेटायला शनिवार पेठेतून मैनाताई आल्या, दुर्गाबाईंच्या जाऊबाई. "हल्ली दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे घर विकायची तयारी. तुझं बरंय बाई, सुनेचं कार्ड आहे."

मोसंबं सोलता सोलता पूर्णिमाचे हात थांबले. सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"आहे ना," दुर्गाबाई म्हणाल्या. "पूर्णिमा, पांढरं राहू देऊ नकोस. कडू लागतं."

मैनाताई गेल्यावर पूर्णिमाने खाली बघतच विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"तिला सांगून विमा परत मिळणार होता?" दुर्गाबाईंनी उशी सारखी केली. "घरी गेलो की तुमच्या तिघांचा काढा. स्वतःचा, कंपनीचा नाही. आणि बंद करावासा वाटला, तर आधी मला विचार."

पलंगावर तेजस ते कार्ड तोंडात घालून चघळत होता. एरवी पूर्णिमाने ते चटकन काढून घेतलं असतं. आज त्या कार्डाला हात लावायचा तिला धीर झाला नाही.