आडाला पायऱ्या

आमच्या गावच्या बारवेला एकवीस पायऱ्या. मोजल्यात म्या, पण वरूनच. आमाला उतरायची मुभा नव्हती. नवी नवरी व्हते तव्हा सासूसंगं रिकामी घागर घेऊन वर उभी राहायची. खालून कुणीतरी पाणी घेऊन येणार, त्याला दया येणार, मंग ते हातभर उंचावरून आमच्या घागरीत ओतणार. अर्धं घागरीत, अर्धं अंगावर. दया न्हाई आली तर तसंच घरी. त्यो राग म्या ह्या वयात बी थंड होऊ दिला न्हाई, सांगून ठेवते.

छप्पन साली दीक्षा घेतली आन् सत्तावन साली आमच्या वस्तीनं आपला आड खांदला. पायऱ्या बांधायला घडीव दगड लागतो. खाण वरच्या आळीतल्या व्यंकटरावाच्या बापाची, त्यानं एक दगड उचलू दिला न्हाई. म्हणून नुसता आड झाला. अरुंद, खोल, वर मातीचा कठडा आन् लाकडी रहाट. तिकडं बारवेवरच्या बाया पैंजण वाजवत उतरायच्या, घागर बुडवून वर यायच्या. इकडं मी दोर वढून वढून हाताला घट्टे पाडून घेतले. मपल्या मनात एकच व्हतं, मरायच्या आधी आपल्या पाण्याला पायऱ्या व्हाव्यात. लोक म्हणायचे, सरजाबाई, पायऱ्यांचं काय घेऊन बसली? घेऊन बसले व्हते खरी.

मंग लातूर नवा जिल्हा झाला, आन् तीन-चार वर्षांत पावसानं दगा दिला. नव्या जिल्ह्याला कामं दाखवायची लई घाई. साहेब गावात आले, दुष्काळी काम कोणतं काढायचं म्हणून विचारलं. कुणी रस्ता म्हणलं, कुणी तळं म्हणलं. मी म्हणलं, आमच्या आडाला पायऱ्या. दोनदा यष्टीनं लातूरला जाऊन दरखास्त दिली. मंजूर झाली की! दोन ट्रक घडीव दगड आमच्या वस्तीत येऊन पडले. त्याच खाणीतले. मी एकेका दगडावर हात फिरवून बघितला.

त्याच आठवड्यात मपली लेक आली, पंचशीला. उदगीरच्या कॉलेजात किडेमकोडे शिकून बीएस्सी झालेली, आन् आता नव्या जिल्ह्यात नारू शोधायच्या नोकरीवर. नारू आताच्या पोरांना ठाऊक न्हाई. दोन हात लांब, दोऱ्यावानी पांढरी अळी. पायाला फोड येतो आन् त्यातून निघती. वढली तर तुटती, मंग पाय सडतो. म्हणून आगपेटीच्या काडीला गुंडाळायची, रोज बोट-दोन बोटं, धीरानं.

पंचीनं घरोघर फिरून वहीत लिहिलं. गावात एकेचाळीस नारू. आमच्या वस्तीत एक बी न्हाई. तिच्या साहेबाला काही पटंना. म्हणला, हे लोक लपवायलेत. आमाला रांगेत उभं करून गुडघ्यापर्यंत पाय तपासले. मपले तर दोनदा. सगळ्या जन्मात पहिल्यांदा आमच्याकडं कायतरी चांगलं निघालं, तर ते बी चोरीचं वाटलं त्याला!

मंग पंचीनं दोन्हीकडचं पाणी आणून बारीक बघायच्या दुर्बिणीखाली धरलं. मला म्हणली, "माय, बघ."

बघितलं. तिळाच्या दाण्याहून बारीक किडा, एकच डोळा, टुणटुण उड्या मारायला.

"ह्यो बारवेतला," ती म्हणली. "उथळ, साचलेलं, कोमट पाणी, पायऱ्यांना शेवाळ. ह्याला असंच घर लागतं, तिथं ह्यो रगड होतो. नारूवाला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, फोडातून नारूची पिल्लं पाण्यात पडतात, ह्यो ती गिळतो. आन् ह्याला आपण पाण्यासंगं गिळतो. वर्षानं नारू."

"आन् आपल्या आडात ह्यो न्हाई?"

"हाय की. थोडा हाय. पण आपला आड खोल, त्यात कुणाचा पाय जात न्हाई. त्याच्या पोटात नारू येणार कुठून?" दुर्बीण बाजूला सारली. "माय, पायऱ्या बांधू नको."

मी ताडकन उठले. "पंचे! ज्यांनी उतरू दिलं न्हाई त्यांचं ऐकलं जन्मभर. आता सरकार बांधून द्यायलंय, तर मपल्याच पोटची पोर नको म्हणती? ह्याच्यासाठी शिकवलं का तुला?"

तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण शब्द काही मागं घेतला न्हाई. मपलीच लेक ती. दोन दिवस आमी बोललो न्हाई.

तिसऱ्या दिवशी व्यंकटराव आला. लंगडत, काठी टेकत. नडगीवर आगपेटीची काडी बांधलेली, तिला बोटभर नारू गुंडाळलेला. गावभर गोष्ट गेलीच व्हती. दगडाच्या ढिगावर बसून दात काढून म्हणला, "सरजा, बारवेत उतरू दिलं न्हाई म्हणून तुमचे पाय धड राहिले. आमचे उपकार माना!"

माय गं! तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याचं पुढचं बोलणं अजून बाकी व्हतं.

"आन् ह्या पायऱ्या लवकर उरका. बारव आटायलीय. आमच्या बाया तुमच्या दोराला हात लावायच्या न्हाईत. पायऱ्या असल्या की आमचं आमी उतरू, आमचं आमी भरू. कुणाचा इटाळ न्हाई, कुणाची कटकट न्हाई."

मी त्याच्या नडगीकडं बघितलं. ती काडी बघितली. मंग मपल्या आडाकडं बघितलं. मंजुरी मी आणली व्हती, आन् पहिला पाय ह्याचा पडणार व्हता.

"व्यंकटराव," मी म्हणलं, "पाणी पायजे तर खुशाल या. दोर हाय, रहाट हाय. आमी धरतो त्योच दोर. पायऱ्या व्हणार न्हाईत."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मपलं बी झालं असंल. तीस वर्षं जे मागितलं ते मपल्याच तोंडानं नको म्हणून बसले व्हते. घरात जाऊन चुलीपुढं पोटभर रडले. पंचीनं चहा करून दिला.

त्यांचे चार दिवस ताठ्यात गेले. पाचव्या दिवशी बारवेचा चिखल झाला, आन् व्यंकटरावाची बायको केवळाबाई भर उन्हात घागर घेऊन आली. तिला दोर वढता येईना. येणार कसा? जन्मभर पायऱ्या उतरलेली. मी दुसरीकडून दोर धरला.

राहता राहिले दगड. आलेलं काम परत करायचं म्हणजे दुष्काळी कामाच्या साहेबाला अवघड. तर त्याच वेळी दुसऱ्या टेबलावरून कागद आला की नारूवाल्या बारवांच्या पायऱ्या भिंत घालून बुजवा. मपले दगड गाडीत भरून बारवेकडं निघाले.

भिंत उठायच्या आदल्या दिवशी मी बारवेवर गेले. चिटपाखरू नव्हतं. आता तिथं कुणाला अडवायचं कारणच उरलं नव्हतं. मी उतरले. एक, दोन, तीन. पायऱ्या एकवीस नव्हत्याच, चोवीस निघाल्या. खालच्या तीन वरून कधी दिसल्याच नव्हत्या मला.

तळाला चिखल, आन् कोपऱ्यात परातभर पाणी. वाकून ओंजळ भरली.

वरून आवाज आला, "माय, पिऊ नको!"

मी दचकले. त्याच जागेवर, त्याच पाण्यासाठी, असाच अडवणारा आवाज जन्मभर ऐकला व्हता. ह्यो फक्त लेकीचा.

पंची धावत खाली आली. मपल्या तोंडाकडं बघितलं, मपली ओंजळ रिकामी केली. मंग आपल्या पदराची दुहेरी घडी केली, एका हातानं मपल्या ओंजळीवर धरली, दुसऱ्या हातानं वरून पाणी गाळून ओतलं. "आता पी."

प्याले.

मचूळ व्हतं. आमच्या आडाचं ह्याच्याहून गोड.

"यवढ्यासाठी?" मी म्हणलं. "पंचे, यवढ्या पाण्यासाठी?"

पंचीनं पदर पिळला, मपला हात धरला, आन् आमी चोवीस पायऱ्या चढून वर आलो.