लसूणघासाच्या मुळांतली रातपाळी

"सांगितलं तर कोणाला पटायचं नाय," असं म्हणून महिपततात्या बांधावर बसला. आता थाप येणार, हे वाडीतलं शेंबडं पोरही ओळखून होतं.

सुंदराबाई सून रेणुकाला आणि एक रिकामी टोपली घेऊन आली होती. तिचा लसूणघास पिवळा पडला होता. वैरण झाली नाही, तर दुभती म्हैस मुरुडला लेकीकडे धाडावी लागणार होती. तात्याचा घास मात्र हिरवागार, मांडीला लागणारा. चांगल्या घासाखालची माती आपल्या वाफ्यात मिसळली की मुळांना गाठी धरवणारे जिवाणू तिकडेही रुजतात, असं तिला कळलं होतं. कळलं होतं ते खरंच होतं.

"ने गो, पण जपून," तात्या म्हणाला. "आत माझी माणसं कामाला आहेत. लोटे गावच्या कंपन्यांसारखी रातपाळीसुद्धा चालते. मुळं त्यांना साखर चारतात, ती माणसं हवेतला नत्र धरून खत करून देतात. रात्री जमिनीला कान लाव, भोंगा ऐकू येतो."

"काय सांगता!"

"परवा सदरा ह्या घासावर वाळत टाकला. चहा पिऊन येतो तर काढायला शिडी लागली."

रेणुका खुदकन हसली. सुंदराबाईला म्हशीचं पडलं होतं. तिने खुरप्याने एक रोप ढेकळासकट उचललं आणि पाटाच्या पाण्यात धरलं.

तात्या बांधावरून उठला. गुळाच्या पाण्यातून जिवाणूंची भुकटी चोळलेलं बियाणं सावलीत सुकवायचं असतं, उन्हात जिवाणू मरतात. त्याने ते भर दुपारी कातळावर पसरलं होतं आणि गप्पा हाणायला गेला होता. हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यावर मागाहून केलेला इलाजही.

माती सुटली. मुळं लांबसडक, स्वच्छ. गाठ एकही नाही.

"पाळी सुटली असेल," तात्या म्हणाला.

"सगळ्यांची एकदम?" रेणुकाने विचारलं.

"संप आहे गो."

सुंदराबाईने शेजारचं रोप काढलं, मग पलीकडच्या कडेचं. तीही तशीच. तिने खुरपं टोपलीत टाकलं.

"तात्या, खोटं बोलताय! युरिया फेकून हिरवं केलंय तुम्ही हे, आणि ही रिकामी माती माझ्या गळ्यात घालत होतात!"