पुढच्या सीटचं वजन

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं गाडीने कोसबाडला गेलो होतो. कारण काही विशेष नव्हतं. बाबांना चढावर गाडी कशी ओढते ते बघायचं होतं आणि आईला ताडगोळे घ्यायचे होते. बाबा चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, मी मागे पुस्तक घेऊन. रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडून आईने ताडगोळे घेतले, मांडीवर रुमाल पसरला आणि सोलायला लागली. एक बाबांच्या तोंडात, एक स्वतःच्या. माझे तिने न सोलताच पिशवीतून मागे दिले.

"तुझे तू सोल गं. तुला वेळ आहे."

काचा उघड्या होत्या आणि वाऱ्यात पुढचं बोलणं मागे पोचत नव्हतं. आई काहीतरी म्हणाली. बाबांचे खांदे हलले; ते हसले की तसे हलतात. मागून मला नेहमी तेवढंच दिसायचं.

"काय झालं?" मी पुढे वाकून विचारलं.

"काही नाही गं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती ओट्यापाशी खाली बसली, ती उठली नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं होतं.

मग माणसं येत राहिली. व्हरांड्यात बाबांच्या समोर बसायची आणि म्हणायची, अशी जोडी बघितली नाही. उठताना माझा हात धरून सांगायची, आता बाबांना सांभाळ. माझीही आई गेली होती हे कोणाच्या हिशेबात नसावं. बाबांचं दुःख घराच्या मधोमध होतं, माझं कडेकडेने चहाचे कप उचलत होतं. सांगायला नको अशी गोष्ट आहे, पण मला त्यांच्या दुःखाचाही हेवा वाटला. ते केवढं भरगच्च होतं. त्यांच्याकडे आठवायला इतकं काही होतं.

मी पुण्याला कॉलेजात शिकवते, लग्न केलेलं नाही. रजा वाढवून डहाणूला घरीच राहिले. मला एकच हवं होतं, आणि ते मागायचं वय मागे पडलं होतं: बाबांनी मला जवळ बसवून घ्यावं. एकुलत्या एक मुलीला आईबाप पूर्ण मिळतात असं लोकांना वाटतं. आमच्या घरात आईबाबांना एकमेक पूर्ण मिळाले होते.

गाडी हे त्यातलं शेवटचं प्रकरण. बंद पडलेल्या एका बर्फाच्या कारखान्याच्या आवारात जुनी अँबेसेडर कुजत होती. निवृत्त झाल्यावर बाबांनी ती घेतली आणि तलासरीला धनेशच्या गॅरेजमध्ये नेऊन टाकली. तिला पुन्हा रस्त्यावर आणायला दोन वर्षं गेली. दर खेपेला आई डबा घेऊन सोबत. सीटची कव्हरं तिने शिवली. रंग दोघांनी मिळून ठरवला आणि मला फोटो पाठवला. मी लिहिलं, छान. निळा मला आवडला असता, पण कोणी विचारलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर बाबांनी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली. मी फाटकाशी उभी होते. मागून गाडी उजवीकडे झुकलेली दिसली, जड पिशवी एकाच हातात घेऊन चाललेल्या माणसासारखी. शेजारच्या वाडीतले प्रविणकाका चिकूचे क्रेट मोजत होते. ते म्हणाले, "रविंद्र, तुझी गाडी खांदा पाडून चालते रे."

"चालू दे," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं. कितीतरी दिवसांनी ते भरभरून बोलले.

"झुकलेली नाही ती. पुष्पासाठी तशी करून घेतली होती. मी असा काडी, आणि ती... तुला माहीत आहे. ती बसली की गाडी डावीकडे दबायची. एकदा पंपावरचा पोऱ्या म्हणाला, काकी, तुम्ही मधोमध बसत जा. ती तिथे हसली. पण नंतर गाडीत बसायलाच तयार नाही. आज गुडघा दुखतो, उद्या ऊन आहे. मग धनेशला म्हटलं, ही शेजारी बसली की गाडी सरळ दिसली पाहिजे. तिला न सांगता करायचं होतं, पण माप घ्यायला तिलाच बसवावं लागलं." त्यांचे खांदे हलले. "धनेशला म्हणाली, मेल्या, वजन कुठे बोललास तर बघ."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला लाज वाटू नये म्हणून या माणसाने लोखंड वाकवून घेतलं होतं. माझ्यासाठी त्यांनी कधी काय बदललं होतं ते मी आठवून बघितलं. लहानपणी सायकलची सीट खाली करून दिली होती. सापडलं, पण बरं वाटलं नाही. शोधावं लागलं याचंच वाईट वाटलं.

"मग आता सरळ करून घ्या," मी म्हटलं. जरा घाईनेच म्हटलं. "टायर एका बाजूने खाल्ला जाईल."

टायरची मला काळजी नव्हती. ती गेल्यावरही डावी बाजू तिच्यासाठी उचलून धरलेली होती, ते मला बघवत नव्हतं.

बाबांनी मानलं, आणि रविवारी आम्ही तलासरीला धनेशकडे निघालो. मी पुढच्या दाराच्या कडीला हात लावला तेवढ्यात बाबा आतून म्हणाले, "मागे बस. मागे तुला मोकळं पडतं."

मी मागे बसले. घोलवड गेलं, झाईचा फाटा गेला. पुढची सीट रिकामी होती, तरी मी तिच्या मागे होते. झरीच्या अलीकडे कापलेल्या शेतात बगळ्यांचा मोठा थवा उतरला होता. "बघ," बाबा म्हणाले आणि डावा हात त्यांनी शेजारी नेला, जिथे आईचा हात असायचा. मग तो परत स्टिअरिंगवर ठेवला.

"काय, बाबा?"

"काही नाही."

मला थवा दिसला होता. पण तो मला दाखवलेला नव्हता.

धनेशचं गॅरेज हायवेच्या कडेला. चाळिशीचा माणूस, बोलता बोलता पुसायच्या कापडाने बोटं पुसत राहणारा.

"या काका. ताई पण आल्या, बरं झालं." मग माझ्याकडे बघून, "काकी पयल्यांदा विचारायच्या, हात धुतले का. मग डबा."

"तू कधी धुतलेस?" बाबा म्हणाले.

"नाय कधीच. दाखवायचो फक्त."

दोघं हसले. याच्याकडेही माझ्या आईचा एक तुकडा होता.

अँबेसेडरच्या पुढच्या चाकांना गोल स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंना गाडीच्या पोटाखालून एकेक लांब पोलादी कांब जाते आणि पीळ खाऊन भार तोलते. मागच्या टोकाशी तो पीळ कमीजास्त केला की ती बाजू खाली-वर होते. धनेशने गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली, बॉनेट दोनतीनदा दाबून सोडलं, गाडी थोडी पुढेमागे ढकलली. "असं केलं नाय तर रबर अडकून बसतं, खोटं माप दावतं," तो म्हणाला. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, आधी उजवीकडे, मग डावीकडे.

"डावी वर आहे. मीच केलेली. काय करू?"

"सरळ कर," बाबा म्हणाले.

"सरळ दोन तऱ्हेची असते काका. नुसती उभी असताना सरळ, का माणसं बसल्यावर सरळ? त्या वेळी काकींना बसवून केली. आता तुम्ही इस्टेरिंगवर बसा. आणि डावीकडे? यापुढे कोण बसणार?"

मी त्या दाराशीच उभी होते.

"कोणी नाही," बाबा म्हणाले.

"ताई आहेत की."

"ती मागे बसते. तिला मागेच आवडतं, पुस्तक वाचत. पहिल्यापासून तशीच आहे."

त्यांच्या आवाजात दुखवायचा हेतू नव्हता. उलट थोडं कौतुक होतं. मला ते किती ओळखतात हे ते धनेशला सांगत होते.

"मग तुमच्या एकट्याच्या वजनावर करतो. पण नंतर कोण बाजूला बसलं तर गाडी दबणार, सांगून ठेवतो. परत माझ्या नावाने बोंब नाय मारायची."

"कोणी बसणार नाही, म्हटलं ना."

बाबा स्टिअरिंगवर जाऊन बसले. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. धनेश पाना घेऊन खड्ड्यात उतरला. हे मीच मागितलं होतं. आईची जागा गाडीतून निघावी म्हणून मी घाई केली होती, आणि ती निघाली की तिथे मी येईन असं मला न बोलता वाटत राहिलं होतं. आता ती बाजू कोणाचीच राहणार नव्हती. बाबा एकटे बसले की गाडी सरळ दिसेल, आणि मी सुट्टीला येईन तेव्हा मागे मोकळी बसेन.

खालून बोल्ट सैल करताना पाना वाजला. मी दार उघडलं आणि पुढे बसले. गाडी किंचित दबली.

"कोण बसलं वर?" खालून धनेश. "काका, हलू नका ना."

"मयुरा, उतर. त्याचं माप चुकेल," बाबा म्हणाले.

"चुकू दे. धनेश, थांबा जरा."

पाना थांबला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या जवळून, या बाजूने, त्यांचा चेहरा मी गाडीत कधी पाहिला नव्हता.

"तुला मागे आवडतं ना?"

"नाही आवडत, बाबा. कधीच आवडलं नाही. तुमचं बोलणं मागे ऐकू यायचं नाही, म्हणून मी पुस्तक धरायचे. मला आईचा हेवा वाटायचा. ती गेली, तरी वाटतोय."