तिसरा कौल

"पाकळी लई ओली हुती. परत लाव, भरमा," परशराम म्हणाला.

भरमा गुरवाने देवाकडे नाही, परशरामकडे पाहिले. कौलासाठी रवळनाथाच्या मूर्तीच्या उजव्या अंगाला चिकटवलेली पाकळी नुकतीच खाली पडली होती. उजवी पडली म्हणजे होकार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ऋतिका बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मुख्य विषय मराठी. त्याला मायनर म्हणून कन्नड जोडायचे की नाही, हे आज दुपारपर्यंत बेळगावात कॉलेजला सांगायचे होते. जोडले तर जादा तास, जादा पेपर. मराठीचे मार्क घसरतील ही भीती तिची तिलाच. पण तिला कोर्टात दुभाषी व्हायचे होते. "आपली माणसं तितं नुसती टकामका बघत हुबी ऱ्हात्यात गं आई," ती म्हणायची. काही ठरेना, तेव्हा तिच्या आईने, आक्काताईनेच सुचवले, देवाला विचारू. गाऱ्हाणे घरातल्या थोरल्या पुरुषाने घालायचे, अशी रीत. म्हणून थोरल्या दिराला, परशरामला बोलावले.

चूक तिथेच झाली.

परशराम मराठीचा कैवारी. चौकात माईक मिळाला की भाषेसाठी रक्त सांडायला निघायचा. कोणाचे, ते सांगायचा नाही. दोन्ही नातवंडे कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत. आणि तालुक्याच्या साहेबापुढे उभा राहिला की कन्नडात 'हौद्री सर, हौद्री सर' करत कमरेत वाकायचा.

दुसऱ्यांदाही उजवीच पडली.

"वारं आलं आत."

"आप्पा, दार लावलंय की," ऋतिका चुलत्याला म्हणाली.

"तू गप गं. मी पंचायतीला हुबा ऱ्हाणार, आनि घरातली पोरगी कन्नड शिकतीया? लोक तोंडात श्यान घालतील माझ्या."

"तुम्ही सायबासंगं बोलता ते काय असतंय मग?"

"ते कामापुरतं!"

"मला बी कामालाच पायजे."

ऋतिकाचा बाप, भावकू, मान हलवत होता. मुलीचे ऐकून हलवली, भावाचे ऐकूनही हलवली. लग्न झाल्यापासून आक्काताईने त्याचे याहून वेगळे मत पाहिले नव्हते.

तिसऱ्या वेळी भरमाने उजवी पाकळी अंगठ्याने दाबून दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. हात काढायच्या आत ती पडली.

"बघा! बोलला देव." परशरामने डोळे मिटून हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावरचा भक्तिभाव पाहून आक्काताईला किळस आली. रोज न्हाऊन देवाला पाणी घातल्याशिवाय तिच्या तोंडात चहा जात नसे. सोमवार कधी चुकला नव्हता. पण पंचायतीच्या शिपायाला हाकारावे तसे देवाला पुन्हा पुन्हा बोलावून हवे ते वदवून घेणे तिला कधी सुचले नव्हते. ते जमत असते तर तिने पुष्कळ काही मागून घेतले असते.

"आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "पयल्यांदा बोलला त्यो देव न्हवता व्हय?"

भरमा उगाच समईची वात सारू लागला.

"बायामाणसांस्नी कौलातलं काय कळतंय?" परशराम म्हणाला.

"न्हाय कळत. म्हणून तर मी एकदाच ऐकला." तिने ऋतिकाचा दंड धरला. "चल. बस जाईल."

"अगं, नारळ फोडायचा हाय अजून," भावकू म्हणाला. सकाळपासूनचे त्याचे पहिले वाक्य.

"फोडा. खावा दोघं भाऊ."

परशराम त्यांच्या आधी पायऱ्यांवर येऊन उभा राहिला आणि घराण्याची अब्रू, भाषा, बलिदान असे काहीबाही ओरडू लागला. आक्काताईच्या चपला त्याच्या पायाशी होत्या. घ्यायच्या तर त्याच्यापुढे वाकावे लागले असते. ती तशीच अनवाणी चालू लागली.

कॉलेजात कारकुनाने मान वर न करता विचारले, "घरचे राजी आहेत ना? मागाहून बदलता येत नाही."

ऋतिकाने आईकडे पाहिले. "मार्क पडलं तर गं?"

"पडू देत." मग कारकुनाकडे वळून आक्काताई म्हणाली, "राजी हाय."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिले. मग खाली. पुसलेल्या फरशीवर दारापासून मातीचे ठसे उमटले होते. ऋतिका गोरीमोरी झाली आणि आईच्या पायांपुढे येऊ लागली. आक्काताईने तिला हाताने बाजूला केले, पदर सारखा केला आणि दोन्ही पाय जुळवून, देवापुढे उभी राहते तशी, उभी राहिली.