इसाबेकचा आवाज

ओमुर्झाकला जन्मापासून दिसत नव्हतं. पण हौशी रेडिओवर कोण बोलतंय, हे तो नुसत्या 'हॅलो'वरून सांगायचा. यंदा त्याच्या बायकोनं, बुरुलनं, जुनी का होईना पण गाडी घेतली, आणि तिच्यात बसवायचा रेडिओ बघायला दोघं डोंगरातल्या नारिनहून राजधानी बिश्केकला आली. मेंढ्या विकून पैसे आले तेवढ्यातच भागवायचं होतं.

रेडिओ-दुरुस्तीवाल्या गेनाडीनं आपल्या टपरीत आधी जपानी संच पुढे केला. वापरलेला, पण उंची. ओमुर्झाकनं बोटं फिरवली. नुसती गुळगुळीत काच.

"याचा कान कुठून पिळायचा?"

"पडद्याला बोट लावायचं, आके," गेनाडी म्हणाला. वडीलधाऱ्यांना तिकडे 'आके' म्हणतात.

"मग हा बुरुललाच दे. मी शेजारी बसून टाळ्या वाजवतो."

दुसरा चिनी, निम्म्या किमतीचा. मोठं गोल बटण, आणि ते फिरवलं की संच स्वतःच आकडा बोलून दाखवायचा. बोटांना पटला.

"डिजिटल आहे," गेनाडी म्हणाला. "टेकडीवरचं आपलं प्रक्षेपण केंद्र इंटरनेटनं थेट ओशला जोडलंय. इसाबेकआकेंना बोलवू?"

इसाबेक हा ओमुर्झाकचा रेडिओवरचा सगळ्यात जुना दोस्त. लेकीकडे दूर ओश शहरात गेल्यापासून त्यांचं बोलणं तुटलं होतं. फोनवर तो दोन वाक्यांत आटपायचा. गेनाडीनं जोडणी लावली, आणि ओमुर्झाकनं माईकमध्ये हाक मारली.

आवाज आला. खरखर नावालाही नव्हती. "ओमुर्झाक? कुठं मेला होतास लेका?"

ओमुर्झाकचा चेहरा उतरला. "हा इसाबेक नव्हे."

"अहो, संचाच्या पडद्यावर त्यांचंच नाव आलंय," बुरुल म्हणाली.

"डब्यात तोंड घालून कुणीही बोलेल!"

"यंत्र आवाज दाबून धाडतं," गेनाडी ओशाळून म्हणाला. "सगळे थोडे सारखेच वाटतात."

ओमुर्झाक माईक ठेवणार, तेवढ्यात पलीकडून शब्द आले, "नाक मुरडतोयस ना? तुझाही आवाज मला न्हाव्याच्या मशीनसारखा येतोय." मग तो थांबला. महत्त्वाचं बोलायच्या आधी इसाबेक घसा न खाकरता नुसता थांबायचा, तसाच. ओमुर्झाकनं माईक घट्ट धरला. हा इसाबेकच.

"फोनवर शेजारी लेक असते, म्हणून बोललो नाही. माझी नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, आता काही होणार नाही. माझा संच काचेचा. आत्ता लेकीनं लावून दिला आणि बाहेर गेली. उद्या तो माझ्यासाठी नुसती वीट."

दिसणं जाणं म्हणजे काय, हे ओमुर्झाकला तरी कुठं ठाऊक होतं?

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "बटणं मी शिकवीन."

मग त्यानं माईक खाली ठेवला. "गेनाडी, हाच दे. दोन दे. एक ओशला धाड."

"अहो, आणि पेट्रोल?"

"तुझ्या माहेरी जेवू आणि तिथूनच उसनं घेऊ."

"म्हणजे तोंड मीच वेंगाडायचं!" बुरुल म्हणाली, पण पाकीट तिनंच उघडलं.

आठवड्यानं माहेराहून परतताना गाडी खिंडीकडे चढत असताना संचातून तोच डब्यातला आवाज आला. इसाबेक बटण चाचपत, शिव्या हासडत, लेकीला हात लावू न देता एकटाच बोलत होता.

"गाडी थांबव," ओमुर्झाक बुरुलला म्हणाला. "खिंडीत रेंज मधेच तुटेल."