चौथी जोडी

मावशी शरीरशास्त्र विभागात आली ती फरशी पुसायला. एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पण तिचा हात हलका आहे, हे तिथे शिकवणाऱ्या सरांच्या नजरेतून सुटलं नाही. बरण्या पुसताना आतला नमुना जराही हिंदकळत नाही, हे त्यांनी दोन-तीनदा पाहिलं आणि एक दिवस तिच्या हातात चिमटा दिला. पुढे मृतदेहात तो टिकवण्याचं औषध भरणं, कवटी करवतीने कापणं, मेंदू बाहेर काढणं, सगळं ती शिकली. विद्यार्थी तिला मावशी म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. सर मात्र शेवटपर्यंत तिला अहो-जाहो करत.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या तिला सरांनीच शिकवल्या. पहिली वासाची, दुसरी नजरेची, तिसरी डोळा फिरवणारी, असं करत बाराव्या जिभेच्या जोडीपर्यंत. पुस्तकातली लांबलचक नावं तिला आली नाहीत आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. कुठली नस कुठल्या भोकातून कवटीबाहेर जाते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. सगळ्यांच्या नाकी नऊ आणायची ती चौथी. बाकीच्या अकरा मेंदूच्या पुढून नाही तर बाजूने निघतात. ही एकटी मागून निघते आणि वळसा घालून पुढे येते. वाट लांब आणि अंग सुतासारखं. मेंदू उचलताना हिसका बसला की ती मुळापासूनच उपटून येते. विभागाच्या संग्रहालयात चाळीसेक मेंदू होते, पण दोन्ही बाजूंची चौथी शाबूत असलेला एकही नव्हता. एक बाजू मावशीने पुष्कळदा वाचवली होती. दोन्ही कधीच साधल्या नव्हत्या.

सर निवृत्त झाले आणि दहा वर्षांनी, ऐंशीव्या वर्षी, झोपेतच गेले. देहदानाचा अर्ज त्यांनी कधीच भरून ठेवला होता. त्यांच्या पत्नी स्वतः विभागात आल्या आणि एक पाकीट विभागप्रमुख बाईंच्या हातात ठेवून गेल्या. आत चार ओळी होत्या. डोक्याचं काम मावशींनी करावं, सरांनी लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी केलं तर माझी तक्रार येणार नाही हे उघड आहे, पण चौथी तुटेल.

बाई वाचता वाचता हसल्या आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला. त्याही सरांच्याच विद्यार्थिनी.

सरांच्या देहात औषध मावशीनेच भरलं. तेव्हा ती रडली नाही. हातमोजे काढून, हात धुऊन ती मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या बरण्यांपाशी बराच वेळ बसून राहिली.

आठ महिन्यांनी डोकं उघडण्याचा दिवस ठरला. एका तरुण शिक्षकाने बाईंना सुचवलं की नियमाने हे काम शिक्षकाचं आहे, तो करेल, मावशी मदतीला राहतील. बाई म्हणाल्या, नियमाला शिक्षक हवा तर मी आहे. मी मदतीला राहते.

मावशीने कवटीचा वरचा भाग टोपी काढावी तसा अलगद काढला. पुढून बोटं सारून मेंदू जरासा उचलला. वासाच्या जोडीची टोकं हाडावरून सोडवली, नजरेची कापली, तिसरी कापली. मग मोठ्या आणि लहान मेंदूमधला जाड पडदा आला. याच पडद्याच्या काठाखाली चौथी लपलेली असते. मावशी थांबली.

बाईंनी हळूच विचारलं, "दिवा जवळ आणू?"

"नको," मावशी म्हणाली. "श्वास तेवढा तिकडे सोडा."

बाईंनी मुकाट्याने तोंड फिरवलं. पंचवीस वर्षांपूर्वी याच टेबलापाशी मावशीने त्यांना चिमटा कसा धरायचा ते दाखवलं होतं.

आधी उजवी, मग डावी. पडदा काठाकाठाने कापायला तिने अर्धा तास घेतला. नस दिसली की तिला न ओढता, हाडाकडची बाजू कापायची. पुढच्या जोड्या एकेक सुटत गेल्या. शेवटी पातं खोल घालून तिने मज्जारज्जू कापला आणि सरांचा मेंदू तिच्या ओंजळीत आला.

तिने तो पाण्याने भरलेल्या थाळ्यात पालथा ठेवला. पाण्यात नसा मोकळ्या तरंगल्या. बाई मोजू लागल्या, तरुण शिक्षकही वाकला. चौथ्या आकड्यावर बाईंनी आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी. दोन्हीकडे एकेक पांढरा तंतू मागून वळून पुढे आला होता.

"मावशी," तरुण शिक्षक म्हणाला, "मला शिकवाल?"

"सोमवारी लवकर या," ती म्हणाली. "आणि नखं कापून या."

त्या दिवशी घरी जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शिंपी. बायको कॉलेजात कामाला आहे, एवढंच तो लोकांना सांगायचा. पुढचं कुणी विचारलं तर विषय बदलायचा. आज मात्र त्याने घास हातातच धरून विचारलं, ती नस असते तरी किती बारीक?

"तुमच्या दोऱ्याएवढी. पण दोरा ओढला तर टिकतो. ही ओली, मऊ. ओढली की गेली."

"आणि दोन्ही आल्या?"

"दोन्ही."

त्याने हातातला घास तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी तो डबा घरीच विसरला म्हणून द्यायला ती त्याच्या दुकानाकडे वळली, तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होता. टेप तसाच धरून तो सांगत होता, "आमच्या घरी खरा हात तिचा. मी नुसती कापडं कापतो."

मावशी दाराशीच थांबली. त्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत ती आत गेली नाही.